उंटावर न बसता जैसलमेर

जैसलमेरला गेले होते म्हटलं की लोक दोनच गोष्टी विचारतात, किल्ला बघितला का आणि उंटावर बसलात का. नाही बसलो. आम्ही माळढोक पक्षी बघायला गेलो होतो. आता यावर कुणी ना कुणी म्हणतंच की त्यासाठी एवढं लांब कशाला, सोलापूरजवळ नान्नजला आहे की अभयारण्य. आहे ना, 1979 पासून आहे, पण तिथे आता माळढोक दिसणं म्हणजे लॉटरी. दादा तीन वेळा जाऊन काळवीट बघून परत आलाय.

तर मी, दादा आणि वहिनी, जानेवारीत, जोधपूरहून भाड्याची गाडी. पोखरणमार्गे जैसलमेर साधारण पावणेतीनशे किलोमीटर आणि रस्ता इतका सरळ की दादा स्टिअरिंगवर नुसता हात ठेवून गाणी म्हणत होता, मधेच मेंढ्यांचा कळप आडवा आला की तेवढाच ब्रेक. पोखरणनंतर झाडं विरळ होत जातात, उरतात ती खेजडी आणि रुईची झुडपं, आणि मग क्षितिजावर पवनचक्क्यांच्या रांगाच्या रांगा सुरू होतात. मी खिडकीतून त्यांचे भरपूर फोटो काढले, छानच दिसत होत्या.

बाडमेर रोडवर आकल म्हणून जागा आहे, झाडांचे दगड झालेले ओंडके, तब्बल 18 कोटी वर्षांपूर्वीचे. वरती पत्रा, भोवती जाळी, बघायला अर्धा तास पुरतो, पण या रखरखाटात कधीकाळी जंगल होतं हे डोक्यात शिरायला त्याहून जास्त वेळ लागतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे सम गाव ओलांडून सुदासरीला, डेझर्ट नॅशनल पार्कात. (परमिट आधी काढून ठेवा, आम्ही त्यात एक सकाळ घालवली.) हे पार्क 3,162 चौरस किलोमीटरचं आहे, नावात नॅशनल पार्क असलं तरी 1980 मध्ये जाहीर झालं ते अभयारण्य म्हणून, आणि आत गावं, ढाण्या (छोट्या वस्त्या), गुरं सगळं आहे. वाळूच्या टेकड्या फक्त काही भागात, बाकी खडकाळ जमीन आणि सेवण गवत. मला वाळवंट म्हणजे नुसती वाळूच वाटायची, खोटं कशाला बोलू.

थंडी अशी की बोटं वाकेनात. चिंकारा दिसले, एक कोल्हा थांबून आमच्याकडे बघून गेला, गिधाडं दिसली. मग दोन तास काहीच नाही. वहिनी थर्मासमधला चहा ओतत होती तेवढ्यात सोबतचे वनरक्षक हळूच म्हणाले, "गोडावण." म्हणजे तिकडच्या भाषेत माळढोक. मला गवतात कुंपणाचा पांढरा खांब दिसला फक्त. आणि मग तो खांब चालायला लागला! मीटरभर उंच, डोक्यावर काळी टोपी, आणि चाल अशी की धोतर सावरत निघालेले आजोबाच. नर पंधरा किलोपर्यंत भरतो आणि तरीही उडतो.

आणि तिथेच घोळ आहे. डोळे बाजूला असल्यामुळे उडताना समोरचं नीट दिसत नाही, पवनचक्क्यांची, सोलरची वीज नेणारी तार दिसेपर्यंत ती अगदी जवळ आलेली असते आणि एवढं जड शरीर पटकन वळत नाही. मादी बहुतेक वेळा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर, आणि जगात हे पक्षी दीडशेसुद्धा उरले नसतील. वनरक्षक म्हणाले, कुत्री हाकलतो आम्ही, तारा कशा हाकलणार. तारा जमिनीखालून न्या असा सुप्रीम कोर्टाचा 2021 चा आदेश होता, 2024 मध्ये तो बदलून कमिटी नेमली. दुसरीकडे समच्या प्रजनन केंद्रात ऑक्टोबर 2024 मध्ये कृत्रिम रेतनातून पिल्लू जन्मलं, ते ऐकून बरं वाटलं, पण मोठं झाल्यावर त्याला उडायचं याच आकाशात आहे ना. सोलर, पवनचक्क्या नकोत असं मी कुठल्या तोंडाने म्हणू, घरी एसी लावते मीही.

परतताना कॅमेरा बॅगेतच राहिला. काही तारांवर पक्ष्यांना दिसाव्यात म्हणून चकत्या टांगल्यात, बऱ्याच ठिकाणी नाहीत. "अहो, ह्या लाइनला नाहीयेत बघा," वहिनी दर थोड्या वेळाने म्हणायची, दादा गाडी स्लो करायचा, आम्ही तिघं मान वर करून बघायचो. पोखरण येईपर्यंत हेच चाललं होतं, गाणी कुणीच लावली नाहीत.