काच, व्हिनेगर आणि माझा रविवार

रविवार, रात्रीचे साडेदहा. मनगट दुखतंय, बोटांना अजून व्हिनेगरचा वास येतोय, दोनदा साबणाने हात धुतले तरी.

झालं असं की सकाळी आंघोळ उरकून बाहेर येताना बाथरूमच्या खिडकीतून तिरपं ऊन नेमकं शॉवरच्या काचेवर पडलं होतं, आणि मला पहिल्यांदा ती काच "दिसली". काच दिसायला नको असते खरं तर, आरपार दिसायला हवं, तर इथे पलीकडचा नळसुद्धा धुक्यात उभा असल्यासारखा. रोज तिथेच आंघोळ करतो पण सवयीने डोळ्यांना सगळं चालतं बहुतेक. म्हटलं आज दुसरं काही काम नाहीये, दहा मिनिटांत घासून टाकू.

दहा मिनिटं. हो.

आधी भांडी घासायचं लिक्विड आणि स्पंज घेतला. फेस झाला, पाणी मारलं, काच ओली असेपर्यंत एकदम चकाचक, मी खूश, बाहेर येऊन चहा घेतला, परत जाऊन बघतो तर वाळल्यावर सगळे डाग जिथल्या तिथे. मग मला राग आला आणि रागाच्या भरात मी तारेची घासणी घेतली. ही आजची पहिली चूक. खालच्या कोपऱ्यात वीतभर जागा घासल्यावर उजेडात बघितलं तर डाग थोडे कमी झालेले पण त्याबरोबर बारीक बारीक रेघा उठलेल्या, गोल गोल, हात फिरला तशा. त्या आता कायमच्या. ताईला फोटो पाठवला तर तिचा लगेच फोन, "अरे काय करतोयस, तो मळ नाहीये, तो दगड आहे, दगड घासून जात नाही, विरघळवावा लागतो."

आणि इथे माझी ट्यूब पेटली. शाळेत शिकलो होतो की हे, जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट असतात, पाणी वाळलं की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे राहतो कॅल्शियम कार्बोनेट. म्हणजे चुनखडी. म्हणजे खडू. पेपरात लिहून मार्कही मिळवले असतील, पण तोच खडू रोज सकाळी माझ्या काचेवर थेंबाथेंबाने जमतोय हे डोक्यात कधी आलंच नाही. मी इतकी वर्षं त्याला "साबणाचे डाग" म्हणत होतो.

मोबाइलचा टॉर्च लावून अगदी जवळून बघितलं. एकेक डाग म्हणजे एकेक गोल, मधे जवळपास काच आणि कडेने पांढरी जाड कड, चहाच्या कपाखाली उमटतं ना तसं वर्तुळ. थेंब कडेला आधी वाळतो, मग मधलं पाणी कडेकडे ओढलं जातं आणि आपल्यातले क्षार तिथेच टाकून देतं, म्हणून कड जाड. काही ठिकाणी गोलावर गोल, त्यावर परत गोल. एकेका थेंबाची हजेरी लागलेली. नख फिरवलं की खरखर. पाच मिनिटं मी नुसता टॉर्च घेऊन उकिडवा बसलेलो, घरात कोणी बघितलं असतं तर काय म्हणालं असतं कोण जाणे.

अर्थात साबणही होताच. साबणाच्या वडीतलं जे चरबीचं आम्ल असतं ते पाण्यातल्या कॅल्शियमला धरून बसतं आणि पाण्यात न विरघळणारा चिकट पांढरट थर होतो, बादलीच्या आतून बसतो ना तोच. म्हणजे काचेवर दोन शत्रू, एक तेलकट आणि एक दगडी, आणि तेलकट वर असेल तर आम्ल खालपर्यंत पोचतच नाही. म्हणून आधी लिक्विडने धुवायचं, पाणी मारायचं, मग व्हिनेगर. सकाळी पहिली पायरी नकळत बरोबर झाली होती, फक्त मी तिथेच थांबलो आणि चिडलो.

आता दुसरी चूक. व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून लावा असं सगळीकडे सांगतात. केलं. काय फसफसलं! वाटलं आता डागांची खैर नाही. पाच मिनिटांनी पुसलं, डाग तसेच. मग विचार केला तेव्हा हसू आलं, आम्ल आणि सोडा एकमेकांनाच मारून टाकतात, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि उरतं ते खारट पाणी, त्याने काय चुना विरघळणार. सगळा देखावा. सोडा हलकं घासायला ठीक आहे पण तो वेगळा, नंतर.

शेवटी जमलं ते असं. स्वयंपाकघरातलं साधं पांढरं व्हिनेगर, त्यात साधारण 5 टक्के ॲसिटिक ॲसिड असतं, ते जरासं कोमट करून स्प्रेच्या बाटलीत भरलं. पण काच उभी, मारलं की ओघळून खाली, आम्लाला काम करायला वेळच मिळत नाही. मग टिश्यू पेपर काचेवर चिकटवले आणि त्यावर व्हिनेगर मारत गेलो, सगळी काच बँडेज बांधल्यासारखी दिसत होती. अर्धा तास. मधे मधे परत ओले करायचे. एक टिश्यू उचलून टॉर्चने बघितलं तर त्या पांढऱ्या कडांवरून अगदी बारीक बुडबुडे सुटत होते, सोड्यासारखे धो धो नाही, एकेक, हळू. हा फेस खरा. इथे दगड विरघळत होता.

टिश्यू काढले, मऊ स्पंजने पुसलं, भरपूर पाणी मारलं, वायपर ओढला, कोरड्या फडक्याने कडा पुसल्या. आणि गेले! सगळे नाही, पण वरचा भाग असा की मी हात लावून बघितला काच आहे का ते. (ज्यांच्याकडे बाथरूममधे संगमरवर आहे त्यांनी हे जपून करा, तोही कॅल्शियम कार्बोनेटच, व्हिनेगर त्यालाही खातं. माझ्याकडे साधी टाइल आहे त्यामुळे वाचलो.)

कडेच्या सिलिकॉनला काळी बुरशी होती, उत्साहाच्या भरात ब्लीचची बाटली उचलली आणि तेवढ्यात ताईचा मेसेज, "आज ब्लीच अजिबात नको." बरोबर आहे, ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, तोही त्या बंद खोपट्यात. बाटली परत ठेवली. बुरशीचं दुसऱ्या दिवशी बघू, सगळं नीट धुऊन वाळल्यावर, खिडकी उघडी ठेवून.

एक गंमत सापडली. खालच्या कोपऱ्यात पांढऱ्या थराखाली नखाएवढा शिक्का निघाला, टफन्ड काचेचा. तीन वर्षं तिथे होता, मला माहीतच नव्हता. ही काच 600 अंशांच्या वर तापवून झटकन गार करतात, त्यामुळे बाहेरचा थर कायम दाबाखाली आणि आतला भाग ताणाखाली असतो, म्हणून मधे ठोसा मारला तरी सहन करते पण कडेला बादलीचा कोपरा लागला तर एका क्षणात सगळीच्या सगळी दाण्यांसारखी फुटते. हे आठवल्यावर स्टीलची बादली उचलून बाहेर ठेवली.

आणि तो एक पट्टा. शॉवरच्या बरोबर खाली, जिथे रोज पाणी टपकत राहतं, तिथे दोनदा टिश्यू लावले, लिंबूफुलाचं पाणीही लावून बघितलं. बुडबुडे नाहीत, नखाला खरखर नाही, अगदी गुळगुळीत, तरी धुरकट. म्हणजे तिथे वर काही बसलेलंच नाही, काचच गेलीये. पाणी बराच काळ बसून राहिलं की काचेतला सोडियम त्यात उतरतो, मग तेच पाणी अल्कधर्मी होऊन काचेला हळूहळू खातं. ते व्हिनेगरने येत नाही परत, सिरियम ऑक्साइडने पॉलिश करतात म्हणे लोक, पण माझ्या मनगटात आता तेवढा दम नाही.

संध्याकाळी वायपरला काचेशेजारी हुक लावून टांगला. घरात जाहीर केलं की आंघोळ झाली की प्रत्येकाने वरून खाली ओढायचा, अर्धं मिनिट लागतं. सगळ्यांनी मान हलवली. आत्ता दात घासायला गेलो तर काचेवर थेंब, वायपर कोरडा ठणठणीत. कोण आंघोळीला गेलं होतं विचारलं तर कोणीच बोलेना. मीच पुसली.