भर पावसाळ्यात कढीपत्ता आणि पुदिना खडखडीत वाळवण्याचा माझा अनुभव

पुण्यात एप्रिल-मेमध्ये पाला वाळवायला काही कष्ट पडत नाहीत. गॅलरीत सावलीला सुती कापडावर कढीपत्ता पसरायचा, वर जाळी घालायची, दोन-तीन दिवसांत तो हाताने चुरता येतो. खरी अडचण जुलैत येते आणि नेमका तेव्हाच पाला उदंड असतो. पुदिना कुंडीबाहेर पसरतो, गवती चहाचं बेट दाट होतं, कढीपत्त्याला कोवळी फूट येते. या वर्षी तर पावसाच्या एका जोरदार सरीत आमच्या सोसायटीतल्या कढीपत्त्याची मोठी फांदी मोडून कंपाउंडच्या भिंतीवर आडवी झाली. घरोघरी डहाळ्या वाटून झाल्या तरी ढीग उरलाच. शेजारच्या काकू म्हणाल्या, "तू घेऊन जा गं सगळा. उद्यापर्यंत काळा पडेल, टाकवत नाही मला."

मलाही टाकवत नाही. आमच्याकडे कढीपत्त्याची चटणी रोजच्या ताटात असते, आईचं जेवण तिच्यावाचून होत नाही. म्हणून दोन मोठ्या पिशव्या भरून वर आणल्या. कुंडीतला पुदिनाही वाढला होता, तोही खुडला. पावसाची झड लागलेली, दोरीवरचे टॉवेल वाळत नव्हते, आणि मला हा पाला एका सुट्टीच्या दिवसात बरणीत भरायचा होता.

अशा हवेत पंख्याखाली पाला का वाळत नाही, हे आधी समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसच्या, म्हणजे हवामान खात्याच्या नोंदी पाहिल्या, तर उन्हाळ्यातल्या दुपारी पुण्याच्या हवेतली आर्द्रता तीस टक्क्यांच्या आत असते आणि जुलैच्या सकाळी ऐंशीच्या वर. ऐंशी टक्के भरलेल्या हवेत आणखी पाणी मावायला जागाच थोडी. पंखा कितीही वेळ लावा, पान एका मर्यादेपर्यंत सुकतं आणि तिथेच थांबतं. चामट होतं, वाकतं, पण तुटत नाही. असं चामट पान बरणीत भरलं की त्याला बुरशी येणार हे ठरलेलं.

पण हीच हवा थोडी तापवली तर चित्र पालटतं. २५ अंश सेल्सिअसची, ८५ टक्के आर्द्रतेची हवा ४५ अंशांवर नेली, की तिची आर्द्रता साधारण २८ टक्क्यांवर येते. हवेतलं पाणी तेवढंच राहतं, तिची पाणी धरण्याची ताकद वाढते. म्हणजे वीस अंशांच्या उबेने स्वयंपाकघरात उन्हाळ्यातली दुपार तयार करता येते. पाला भाजायचा नसतो, त्याच्याभोवतीची हवा कोरडी करायची असते. मी सगळं काम या एका हिशोबावर बेतलं.

सुरुवात धुण्यापासून. पाला मी डहाळीसकट धुते, पानं सुटी करून नाही. डहाळी धरून पाण्यात खळबळता येते आणि पानं दुमडत नाहीत. दोन-तीन पाणी बदलली की धूळ आणि बारीक किडे निघून जातात. पुढे वरचं पाणी घालवायचं, आणि घाई करायची असेल तर ती इथेच करावी. पानाच्या आतलं पाणी जायचं तेवढा वेळ घेऊनच जातं. वर चिकटलेलं पाणी मात्र फुकटची वीज खातं आणि पान शिजवतं. चाळणीत निथळून झाल्यावर मी डहाळ्या जुन्या सुती पंच्यात बांधते, चारही टोकं मुठीत घट्ट धरते आणि ते गाठोडं न्हाणीघरात गरागरा फिरवते. समोरच्या फरशीवर पाण्याची रेघ उमटते. पंचा बदलून पुन्हा एकदा फिरवलं की हाताला ओल लागत नाही. मग पानं खुडायची आणि तासभर पंख्याखाली पसरून ठेवायची. पंखा एवढ्यापुरता उपयोगी आहे, आणि एवढ्यापुरता फार उपयोगी आहे.

कढीपत्ता मायक्रोवेव्हमध्ये उत्तम वाळतो, असं माझं ठाम मत आहे. त्याचं पान मुळातच कमी पाणीदार. ताज्या कढीपत्त्यात साधारण ६५ टक्के पाणी असतं. पुदिना, मेथी, कोथिंबीर यांत ८५ टक्क्यांच्या आसपास. शिवाय त्याचा वास देणारं तेल पानाच्या आतल्या बारीक पिशव्यांत असतं. पान उजेडाकडे धरलं तर ते ठिपके दिसतात. लिंबाच्या पानातही तसेच दिसतात, दोन्ही एकाच कुळातली. पान अखंड राहिलं तर बरंचसं तेल आतच टिकतं.

काचेच्या ताटावर कागदी नॅपकिन, त्यावर पानांचा एकच थर, एकावर एक न येतील असा, वर आणखी एक नॅपकिन. कडेला अर्धा कप पाणी. हे पाणी विसरू नये. पानं वाळत जातात तसं त्यांच्यात लहरी शोषून घ्यायला पाणी उरत नाही, आणि जवळजवळ रिकामा मायक्रोवेव्ह चालवणं यंत्राला चांगलं नाही, पानंही करपतात. वर्तमानपत्राचा कागद मुळीच वापरू नये. शाई अन्नाला लागते आणि कागद पेटू शकतो.

पहिला एक मिनिट पूर्ण शक्तीवर. दार उघडलं की वाफ तोंडावर येते आणि वरचा नॅपकिन ओलाचिंब झालेला असतो. तो बदलायचा, नाहीतर तेच पाणी पुन्हा पानांवर बसतं. पानं उलटून आणखी चाळीस सेकंद. आता घरभर वास सुटतो, पान मऊ पडून कडेने आत वळायला लागतं. इथून पुढे वीस-वीस सेकंदच, आणि दर वेळी दार उघडून बघायचं. मी त्या वेळी ओट्यापासून हलत नाही, कारण कोरडं पान काही सेकंदांत धुमसायला लागतं. पान कुरकुरीत होईपर्यंत थांबायचं नसतं. मधली शीर अजून किंचित वाकत असतानाच ताट बाहेर काढायचं आणि पानं जाळीवर घ्यायची. आतली ऊब उरलेलं काम करते, पाच मिनिटांत शीर कट्कन तुटते. माझा मायक्रोवेव्ह ८०० वॅटचा आहे आणि एका ताटाला एकूण अडीच ते तीन मिनिटं पुरली. कमी वॅटचा असेल तर वेळ वाढेल, पण टप्पे हेच ठेवावेत.

आई दारात उभी राहून बघत होती. "अगं, एवढा खटाटोप कशाला? लोखंडी तव्यावर परतून घे की."

"आई, चटणीला परतूच. पण हा डाळीत, ताकात, पोह्यांतही टाकायचाय. त्यात भाजका वास नको."

तिने एक पान चुरून नाकाशी धरलं, खूण पटल्यासारखी मान हलवली आणि खुडायला बसली. मग काम भरभर झालं.

पुदिना नाजूक, त्याची रीत वेगळी. त्याचा वास पानाच्या पृष्ठभागावरच्या ग्रंथींत असतो, म्हणून जोराची उष्णता दिली की तो आधी उडतो. उलट फार हळू वाळवला तर काळा पडतो, कारण पानातले एन्झाइम सावकाश सुकताना काम करत राहतात. कापलेलं सफरचंद ज्यामुळे तांबूस होतं, तेच हे. म्हणून मी दोन्हींचा मेळ घालते. आधी मायक्रोवेव्हमध्ये फक्त चाळीस सेकंद, म्हणजे ते एन्झाइम निकामी होतात आणि हिरवा रंग टिकतो. मग जाळीवर पसरून ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये. माझ्या ओटीजीचा काटा ६० अंशांपासून सुरू होतो. तो तिथेच ठेवायचा आणि दारात लाकडी उलथनं अडकवून बोटभर फट सोडायची. आतल्या छोट्या तापमापीवर मग ४५ ते ५० दिसतं. ही फट सगळ्यांत महत्त्वाची, कारण दमट हवा बाहेर गेली नाही तर आत पुदिना वाफवला जातो. तास-सव्वा तासात पानं पापडासारखी होतात.

पुदिन्याचा दुसरा घाणा आत असताना लाइट गेली. पावसात आमच्या भागात हे होतंच. अर्धवट सुकलेला पुदिना तसाच ठेवला असता तर त्या हवेत पुन्हा ओल धरून बसला असता. गॅसवर जाड लोखंडी तवा तापवला, गॅस बंद केला, तव्यावर पोळ्या शेकायची उभी जाळी ठेवली आणि तिच्यावर चाळणीत पानं. तवा निवला की पुन्हा तापवायचा. हात पानांच्या उंचीवर धरून बघायचा, ऊब सुखाची वाटली पाहिजे, चटका बसता कामा नये. लाइट येईपर्यंत तो घाणा जवळजवळ वाळलेला होता, रंगही चांगला राहिला. ज्यांच्याकडे मायक्रोवेव्ह किंवा ओटीजी नाही त्यांनी हे जरूर करून बघावं. वेळ जास्त लागतो, पण हिशोब तोच.

गवती चहा याच ओटीजीत होतो. कात्रीने बोटाच्या पेराएवढे तुकडे करावेत, पूर्ण पात वाळवत बसू नये. मेथीही होते, पण घरची मेथी वाळवली म्हणून ती कसुरी मेथी होत नाही. कसुरी ही मेथीची वेगळी जात, राजस्थानात नागौरकडे पिकणारी, आणि तिचा वास मुळातच वेगळा. घरची वाळवलेली मेथी पराठ्यात, थालीपिठात मात्र छान लागते. कोथिंबीर मी वाळवत नाही आणि कुणाला सांगतही नाही. तिचा वास वाळताना उडून जातो आणि हातात हिरवं गवत राहतं. मंडईत जुडी स्वस्त मिळाली तर निवडून, कोरडी करून, कागदात गुंडाळून डब्यात फ्रिजमध्ये ठेवावी. त्याहून जास्त दिवस हवी असेल तर चिरून फ्रीझरमध्ये.

भरण्याची वेळही जुलैत सांभाळावी लागते. गरम पानं बरणीत घातली तर आत बाष्प धरतं; निवायला ताटात उघडी ठेवली तर अर्ध्या तासात सादळतात. मी ओटीजी बंद करून, दार लावून पानं आतच निवू देते आणि कोमट असतानाच काढते. काचेच्या कोरड्या बाटल्या, घट्ट झाकणाच्या, आणि लहान. मोठी बरणी रोज उघडली की रोज दमट हवा आत जाते. पानं अख्खीच भरते, चुरत नाही.

मग एक रात्र वाट बघायची. सकाळी काचेला आतून धुकं दिसलं, किंवा बाटली हलवल्यावर पानं खळखळण्याऐवजी एकमेकांना धरून राहिली, तर आत ओल आहे. सगळी बाटली ओटीजीत परत. आमच्या बाटल्यांपैकी पुदिन्याच्या एका बाटलीत थोडं धुकं दिसलं. लाइट गेलेला घाणा होता तो. पंधरा-वीस मिनिटं परत ऊब दिली, मग ठीक झाला. बाटल्या गॅसच्या वरच्या फळीवर ठेवू नयेत, तिथे वाफ आणि उष्णता दोन्ही पोचतात. बंद कपाटातला अंधार बरा, उजेडाने हिरवा रंग जातो.

काकूंना एक बाटली दिली तेव्हा त्यांनी पहिलंच विचारलं, "फोडणीत कधी घालू?" प्रश्न अगदी बरोबर. ताज्या पानासारखं वाळलेलं पान कडकडीत तेलात टाकलं तर क्षणात जळतं. मोहरी तडतडली, हिंग-हळद झाली, गॅस बंद केला, की मग पानं हातावर चुरून घालायची आणि लगेच डाळ ओतायची. ताकात, कोशिंबिरीत थेट. पुदिन्याचं प्रमाण ताजा तीन चमचे तिथे वाळलेला एक. कढीपत्त्याला एवढं मोजायला नको, ताज्याच्या दीडपट पानं घ्यावीत, कारण थोडा वास तरी जातोच. चटणीसाठी वाळलेला पाला फारच सोयीचा. तीळ, सुकं खोबरं, लाल मिरची भाजून झाली की त्याच गरम कढईत पानं नुसती फिरवायची, तेलाचा थेंबही लागत नाही, आणि मिक्सरमध्ये बारीक पूड होते. आईने पहिली चटणी त्याच आठवड्यात केली, चिंचेऐवजी आमचूर घालून.