कॉन्स्ट आणि बदलणाऱ्या प्रॉपर्टी
जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत ‘कॉन्स्ट’ (const) या शब्दाने घोषित केलेले ऑब्जेक्ट, म्हणजे नाव-किंमत अशा जोड्यांचा (प्रॉपर्टींचा) संच, बदलता येत नाही, असा माझा बरेच दिवस समज होता. प्रत्यक्षात तो शब्द केवळ व्हेरिएबलचे नाव त्या ऑब्जेक्टशी कायमचे बांधतो. आतील प्रॉपर्टीची किंमत मात्र टिंब देऊन किंवा, प्रॉपर्टीचे नाव दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये साठवलेले असेल तर, चौकोनी कंसातून खुशाल बदलता येते, आणि नसलेल्या प्रॉपर्टीला किंमत दिली की ती नव्याने तयार होते. हे शेवटचे मला धोकादायक वाटते, कारण स्पेलिंगमधली चूकही निमूटपणे नवी प्रॉपर्टी होऊन बसते. बदल रोखायचे असतील, तर जावास्क्रिप्टच्या २००९ च्या ईएस५ आवृत्तीत आलेले ‘ऑब्जेक्ट.फ्रीझ’ वापरावे, मात्र ते फक्त वरच्या थरापुरते लागू होते, आत ठेवलेल्या दुसऱ्या ऑब्जेक्टना नाही, आणि स्ट्रिक्ट मोड (जावास्क्रिप्टची कडक नियमांची पद्धत) नसेल तर रोखलेल्या बदलाची एररही दिसत नाही.