तीनदा उडालेलं हेड गॅस्केट

फेब्रुवारी 2023. पुण्यात आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आम्ही साताऱ्याला परत येत होतो. आई काळा चष्मा लावून मागच्या सीटवर, शेजारी बायको. तेव्हा साताऱ्याकडून पुण्याला जाताना बोगदा मिळायचा, पण येताना खंबाटकी घाट चढावाच लागायचा. पुढं उसाचे दोन ट्रक, मी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, एसी चालू. खामजाईच्या देवळाच्या अलीकडं एसीची हवा कोमट झाली. काट्याकडं बघितलं तर तो लाल पट्टीला टेकलेला. बाजूला घेईपर्यंत बॉनेटमधून वाफ यायला लागली होती.

थांबलो. अर्ध्या तासानं गाडी सुरू केली. काटा खाली आलेला, अगदी निम्म्याच्याही खाली. मला वाटलं, थंड झाली. आईला उन्हात बसवून ठेवायचं नव्हतं, म्हणून घाट उतरून सुरूर फाट्यापर्यंत तशीच आणली. माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक ही, आणि ती नंतर वर्षभर महागात पडली. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो. पाणीच उडून गेलं की त्याच्याभोवती नुसती हवा आणि वाफ उरते, आणि काटा खोटं सांगतो. इंजिन आत भाजत असताना काटा खाली दिसतो. मी शाळेत विज्ञान शिकवतो, तरी त्या वेळी हे डोक्यात आलं नाही.

गाडी 2012 ची, डिझेल, तिसऱ्या मालकाकडून दोन लाख पंच्याऐंशी हजारांना दिवाळीनंतर घेतलेली. बॉडी स्वच्छ, टायर नवे, इंजिनाचा आवाज चांगला. रोज सातारा ते कोरेगाव शाळेत जाणं-येणं आणि महिन्यातून एकदा पुणे, एवढाच वापर. सपाट रस्त्यावर तिनं कधी तक्रार केली नव्हती.

हायवेलगतच्या एका गॅरेजमध्ये हेड उतरवलं. हेड गॅस्केट म्हणजे खालचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामध्ये दाबून बसवलेला पातळ पत्रा. जळणाऱ्या डिझेलचा दाब, ऑइल आणि पाणी या तिघांना आपापल्या वाटेनं जायला लावायचं काम त्याचं. आमच्या गाडीत ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. तापलं की ॲल्युमिनियम जास्त फुगतं. मर्यादेबाहेर तापलं की वाकतं, आणि थंड झाल्यावर पूर्ववत होईलच असं नाही. दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरमध्ये गॅस्केट काळं पडून जळालेलं मला मिस्त्रींनी दाखवलं. नवं टाकलं, हेडवरचा जुना चिकटलेला थर पॉलिश पेपरनं घासून काढला, जुनेच बोल्ट परत आवळले. थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडं जाणारं पाणी अडवणारी-सोडणारी झडप, काढून माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "सर, आपल्याकडं याची गरज नाय, थंड देशातल्या गाड्यांना लागतो." बिल नऊ हजार आठशे.

मे महिन्यात कुलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची, बाटली रिकामी व्हायला लागली. तीन दिवसांत अर्धा लिटर. खाली फरशीवर थेंब नाही, नळ्या कोरड्या, मग जातंय कुठं? एकदा सकाळी गाडी सुरू करण्याआधीच बॉनेट उघडलं आणि रेडिएटरची वरची रबरी नळी दाबून बघितली. रात्रभर उभ्या असलेल्या थंड गाडीची नळी मऊ लागायला पाहिजे. ही फुगवलेल्या ट्यूबसारखी टणक होती. टोपण हळूच सैल केलं तर फुस्स करून हवा सुटली. आदल्या दिवशी सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरून तिथंच अडकला होता. सुरू करून बायकोला थोडा ॲक्सिलरेटर द्यायला सांगितलं, तर बाटलीत भात शिजताना येतात तसे बुडबुडे.

दुसरं गॅरेज गावातलं, ओळखीचं. त्यांनी हेड फेसिंगला पाठवलं, म्हणजे मशिनवर त्याचा तळ सपाट करून आणला. काम पहिल्यापेक्षा नक्कीच नीट झालं. गॅस्केट मात्र दुकानात जे मिळालं ते घातलं, आणि बोल्ट पुन्हा जुनेच. सतरा हजार चारशे.

यानंतर गाडी दहा महिने चालली. पावसाळा गेला, हिवाळा गेला. मी दर आठवड्याला पाणी बघायचो, आणि थोडं कमी दिसलं की घरच्या बोअरचं घालायचो. तेही चुकीचंच होतं. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड आहे की कुकरच्या तळाला महिन्याभरात पांढरा थर बसतो. तोच थर रेडिएटरमध्येही बसणार.

एप्रिल 2024 मध्ये पाहुण्यांना घेऊन यवतेश्वरचा घाट चढत होतो. अर्ध्यावर काटा हलला. या वेळी मी लगेच इंजिन बंद केलं आणि क्रेन बोलावली. पाहुणे रिक्षानं घरी गेले. मी त्या वळणावर दीड तास बसून होतो. खाली सातारा शहर, समोर अजिंक्यतारा. दोनदा पैसे भरून गाडी पुन्हा त्याच जागी आली होती. विकून टाकावी असं फार वाटलं. पण विकायची तर हे लपवूनच विकावी लागली असती. तसं कुणीतरी मला विकलं होतं, आणि मला ते दुसऱ्याला करायचं नव्हतं.

शाळेतल्या शिपाईमामांनी जुन्या एमआयडीसीजवळच्या एका मिस्त्रींचं नाव सांगितलं. वय साठीच्या पुढं, दोन पोरं हाताखाली. मी सगळी कहाणी सांगितली. त्यांनी ती पूर्ण ऐकून घेतली, मध्ये बोलले नाहीत. मग म्हणाले, "गॅस्केट गेलंय हे मला पण दिसतंय. ते का जातंय ते आधी बघू. त्याशिवाय हेड मी उतरवणार नाय."

आदल्या दोन ठिकाणी हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. मीही विचारला नव्हता. तापलं म्हणून गॅस्केट गेलं, आणि आम्ही गॅस्केट बदलत बसलो. तापत का होतं, ते तसंच राहिलं.

त्यांनी आधी बाटलीच्या तोंडावर काचेची नळी बसवली, तिच्यात निळं पाणी. इंजिन चालू करून वरून रबरी फुगा दाबत राहिले. सिलिंडरमधला गॅस पाण्यात येत असेल तर त्या निळ्याचा रंग बदलतो. पाचेक मिनिटांत ते हिरवट झालं. मग रेडिएटरवर तापमान मोजायची बंदूक धरली. वरच्या भागात 91, मधे 84, आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात एक मोठा पट्टा 47 अंशांवर. तिथं पाणी जातच नव्हतं. रेडिएटर उतरवून बाजूची प्लास्टिकची टाकी उघडली तेव्हा मी शेजारीच होतो. ॲल्युमिनियमच्या चपट्या नळ्यांची तोंडं ओळीनं दिसत होती. मी मोजली. 37 पैकी 16 बंद. काहींत पांढरा क्षार, आणि बऱ्याच नळ्यांत तपकिरी, ओल्या भुशासारखा लगदा. मिस्त्रींनी तो बोटांवर घासला, वास घेतला. "लीक बंद करायची पावडर हाय ही. आधीच्या मालकानं टाकलीय." म्हणजे गाडी मी घेण्याआधीपासूनच पाणी सोडत होती, आणि विकण्यापुरती ती गळती बुजवलेली होती.

थर्मोस्टॅटचंही त्यांनीच समजावलं. या इंजिनात तो रेडिएटरकडची वाट उघडतो आणि त्याच वेळी इंजिनातल्या इंजिनात फिरणारी छोटी वाट बंद करतो. तो काढून टाकला की छोटी वाट कायम उघडी राहते. गरम पाण्यातला बराच भाग रेडिएटरपर्यंत न जाता तसाच परत फिरतो. सपाटीवर ते चालून जातं. घाटात मात्र, आणि तेही निम्म्या बुजलेल्या रेडिएटरसह, चालत नाही. टोपणाची स्प्रिंगही मेलेली होती. हे मला लगेच पटलं. सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटरवर आहे, इथं उघड्या भांड्यातलं पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. टोपणानं दाब धरला आणि आत पाण्याऐवजी कुलंट असलं तर तेच 120 च्या पुढं जातं. सहावीच्या वर्गात प्रेशर कुकर शिकवताना मी हेच सांगत आलोय.

मग हेड उतरलं. ते गरम पाण्यात बुडवून, भोकं बंद करून आत हवेचा दाब दिला. कुठं बुडबुडा आला नाही, म्हणजे तडा नव्हता. सरळ स्टीलची पट्टी आडवी-तिरपी ठेवून खालून फिलरचं, म्हणजे फट मोजायचं पातळ पान घालून बघितलं. हेड सपाट होतं, दुसऱ्या गॅरेजचं फेसिंग चांगलं झालेलं. मग तीच पट्टी त्यांनी ब्लॉकवर ठेवली. दोन आणि तीनच्या मध्ये 0.05 मिलिमीटरचं पान अलगद आत गेलं. 0.10 चंही गेलं. त्यांनी मला स्वतः घालून बघायला सांगितलं. केसाइतकं जाड ते पान बोटांना काहीच न लागता पुढं सरकलं. दोन्ही वेळा गॅस्केट बरोबर इथंच जळालं होतं. ब्लॉक कुणी तपासलाच नव्हता.

उपाय एकच. इंजिन बाहेर काढायचं आणि ब्लॉकचाही माथा फेसिंग करायचा. खर्चाचा आकडा ऐकून मी एक दिवस मागून घेतला. रात्री बायको म्हणाली, "दोनदा निम्मं काम केलं, आता एकदा पूर्ण करू." दुसऱ्या दिवशी मी होकार कळवला.

ब्लॉक घासला की पिस्टन वरच्या टोकाला पूर्वीपेक्षा जास्त बाहेर डोकावतो. म्हणून मिस्त्रींनी डायल गेज लावून चारही पिस्टन किती वर येतात ते मोजलं आणि कंपनीच्या तक्त्यात बघितलं. डिझेल इंजिनांचं गॅस्केट बऱ्याचदा वेगवेगळ्या जाडीत येतं, कडेला खाचा असतात, त्यावरून जाडी ओळखायची. आम्हाला सगळ्यात जाड लागत होतं. ते साताऱ्यात मिळालं नाही, कोल्हापूरहून चार दिवसांनी आलं. जुन्या गॅस्केटची खाच बघितली तर एकच. सगळ्यात पातळ. दुकानदारानं जे होतं ते दिलं होतं.

नवे बोल्टही आले. मिस्त्रींनी जुना आणि नवा शेजारी शेजारी उभा केला. जुना नव्यापेक्षा जवळजवळ एक मिलिमीटर लांब होता. हे बोल्ट आवळताना ताणले जावेत असेच बनवलेले असतात, आणि त्या ताणानंच हेड धरून ठेवतात. आमच्या बोल्टांचा तो ताण तीनदा वापरून झाला होता.

आवळणं मी पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलं. मधल्या बोल्टपासून सुरुवात, मग गोल फिरत बाहेरच्या बाजूला. पहिली फेरी टॉर्क पान्यानं, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यानं, हलकी, मग पुढच्या फेऱ्यांत कोन मोजून प्रत्येकी 90 अंश. पान्याच्या दांड्यावर पांढऱ्या खडूनं खूण. ते चालू असताना पोरं टेप बंद करतात, कुणी बोलत नाही. एका बोल्टपाशी त्यांना शंका आली, तेव्हा तो सैल करून पुन्हा पहिल्यापासून धरला.

नवा रेडिएटर, नवा वॉटर पंप, थर्मोस्टॅट, टोपण. डिस्टिल्ड वॉटर आणि कुलंट निम्मं-निम्मं. गाडीचं तोंड चढावर ठेवून, हीटर पूर्ण चालू करून आतली हवा काढली. हीटरमधून आधी गार, मग एकदम गरम हवा आली तेव्हा मिस्त्री म्हणाले, "झालं, आता पाणी सगळीकडं पोचलं." एकूण त्रेचाळीस हजार सहाशे. तिन्ही मिळून सत्तर हजार आठशे. पहिल्याच वेळी कारण शोधलं असतं तर ब्लॉक कदाचित वाचला असता.

त्यानंतर मी सातशे रुपयांचं ब्लूटूथचं छोटं यंत्र घेतलं. ते स्टिअरिंगखालच्या खोबणीत बसतं आणि मोबाइलवर कुलंटचं खरं तापमान आकड्यात दाखवतं. रोजच्या रस्त्यावर 88 ते 92. मे महिन्यात पाच माणसं बसवून वाईहून पसरणी घाट चढलो, एसी चालू ठेवून. पाचगणी येईपर्यंत 97 च्या वर गेलं नाही. 102 ला भोंगा लावून ठेवलाय, अजून वाजलेला नाही. बाटलीवर मार्करनं रेघ मारलीय. दर रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, पातळी बघतो. वर्ष उलटलं, ती रेघेवरच आहे.

उघडलेल्या जुन्या रेडिएटरचा एक तुकडा मी शाळेच्या प्रयोगशाळेत ठेवलाय. जड पाण्याचा धडा आला की मुलांच्या हातात देतो.

मागच्या महिन्यात आमच्या शाळेतल्या एका सरांना जुनी गाडी घ्यायची होती, मला सोबत चला म्हणाले. मेढ्याला गेलो. मालक भला वाटला, गाडी धुऊन दारात उभी केलेली. मी बॉनेटवर हात ठेवला तर ते गरम होतं. "तुम्ही येणार म्हणून जरा फिरवून आणली," तो म्हणाला. मी त्याला सांगितलं, आज आम्ही काही बघत नाही, उद्या सकाळी सातला येतो, तोवर किल्ली लावू नका. दुसऱ्या दिवशी आम्ही साडेसहालाच पोचलो. नळी मऊ होती, बाटलीतलं कुलंट स्वच्छ हिरवं होतं, ऑइलच्या टोपणाखाली दुधाळ साय नव्हती, म्हणजे ऑइलमध्ये पाणी मिसळलेलं दिसत नव्हतं. मग गाडी सुरू करायला सांगितली.