विलंबित ख्याल, द्रुत लय

माळ्यावरून बाबांचा रेकॉर्ड प्लेअर काढला, ख्यालाची तबकडी लावली, तर विलंबित थेट द्रुत लयीत सुरू झाला, तोही चिरक्या आवाजात. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अरे, कुणाचा गळा धरलायस?"

तळाचा पत्रा उघडला. 12 व्होल्टचा अडॅप्टर, 6 व्होल्टची मोटर आणि मध्ये व्होल्टेज कमी करून स्थिर ठेवणारा आयसी, एलएम 317. मोटरवर मीटर लावला: 6 ऐवजी 10.4 व्होल्ट. आयसी गेला, असं मी ठरवूनच टाकलं. (काहीही बिघडलं की आधी आयसीवर आळ घ्यायचा, ही माझी जुनी खोड.)

पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून नवा आणून बसवला. आता मोटर हलेचना आणि आयसीला बोट लावलं तर चटका! तासभर डोकं खाजवल्यावर कळलं, जुन्या आयसीला पत्र्यापासून अलग ठेवणारी अभ्रकाची चकती आणि स्क्रूचं प्लॅस्टिकचं बुश मी कचरा समजून काढून टाकलं होतं. 7805 या तशाच दुसऱ्या आयसीची धातूची पाठ ग्राउंडला (सर्किटच्या वजा बाजूला) असते, तशीच याचीही असेल असं धरून चाललो होतो. 317 ची पाठ मात्र आउटपुटला जोडलेली असते. ती ग्राउंडच्या पत्र्याला टेकली की आउटपुट सरळ शॉर्ट. करंट आवरण्याची आणि फार तापल्यावर बंद पडण्याची सोय त्याच्या आतच असते, म्हणून बिचारा वाचला.

चकती, बुश शोधून लावलं. मोटर फिरली. मीटरवर पुन्हा 10.4!

दुसऱ्या दिवशी परत त्याच दुकानात. काउंटरवरचे काका म्हणाले, "प्रीसेट बघितलास का?" प्रीसेट म्हणजे व्होल्टेज जुळवायचा, फिरवून कमीजास्त करायचा छोटा रेझिस्टर. नव्हता बघितला. त्याचा सरकता हात आतल्या पट्टीला टेकतच नव्हता. आयसीचा ॲडजस्टचा पाय प्रीसेटमधून ग्राउंडला जातो; तो तिथून तुटला की 317 आउटपुट जमेल तितकं वर चढवतो, तेच झालं होतं.

आउटपुट आणि ॲडजस्टमधला 240 ओहमचा रेझिस्टर तसाच ठेवला. 6 व्होल्टसाठी ॲडजस्ट आणि ग्राउंडमध्ये साधारण 912 ओहम लागतात, म्हणून 820 चा रेझिस्टर आणि 200 चा प्रीसेट ओळीने जोडले. प्रीसेटचा मधला पाय, म्हणजे सरकत्या हाताचा, कडेच्या पायाला सोल्डरने डाग देऊन जोडून टाकला. आता हात पुन्हा सुटला तरी पूर्ण 200 ओहम मध्ये राहतात आणि व्होल्टेज साडेसहाच्या जरा वर जाऊन थांबतं.

वेग तपासायला तबकडीवर कागदाचा कपटा चिकटवला. मिनिटाला 33⅓ म्हणजे 3 मिनिटांत बरोबर 100 फेरे. आई मोजायला बसली. पहिल्यांदा 96 भरले. प्रीसेट केसभर फिरवला. मग माझे 99 झाले, आईचे 100. प्रीसेटला परत हात लावला नाही.