मांडवा ते तेरेखोल, तंबूसकट सायकलवर

मांडवा जेट्टीवर सायकली उतरवल्या तेव्हा माझं सामान 21 किलो होतं, पाणी वेगळं. तेरेखोलला पोचलो तेव्हा 14. मधले सात किलो श्रीवर्धनच्या पोस्टातून पार्सल होऊन घरी गेले. डिसेंबरातले अकरा दिवस, कोकण किनाऱ्याने सव्वापाचशे किलोमीटर, मी आणि एक मित्र. याच वाटेने तंबू घेऊन निघणार असाल तर त्या पार्सलात काय होतं ते आधी ऐका.

किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाट, असं घरी वाटतं. पण इथे खाडी, चढ, सडा (म्हणजे वरचं खडकाळ पठार), उतार आणि पुन्हा खाडी असा खेळ दिवसभर चालतो. मोठा घाट एकही नाही, पण शे-दीडशे मीटरचे अंगावर येणारे चढ रोज चार-पाच. तवसाळहून फेरीबोटीने जयगडला उतरलो की पोटात जेवण असतानाच चढ सुरू. माझ्या जुन्या एमटीबीला, म्हणजे डोंगरी सायकलला, पुढे 22 दात्यांची लहान चकती आणि मागे 34 दाती होती, म्हणून बसून चढलो. मित्राची रोड बाइक, पुढे 34 आणि मागे 28. तो बराच कोकण पायी फिरला. पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर ते गिअरवर घाला, तंबूवर नंतर.

आता पार्सल. स्टोव्ह, दोन पातेली, तांदूळ, डाळ, मसाल्याच्या पुड्या, मिळून तीन किलो. पहिल्या चार दिवसांत दोनदा चूल पेटवली, तीही हौसेने. किनाऱ्यावर खानावळी आहेत, फक्त लहान गावात रात्रीचं जेवण दुपारीच सांगून ठेवायला लागतं. शिवाय स्क्रूवाला गॅसचा डबा संपला की मुंबई-पुण्याच्या ट्रेकिंगच्या दुकानाशिवाय सहजासहजी मिळत नाही. पातळ पोहे, खवलेला नारळ, कांदा, लिंबू एवढं असलं की दडपे पोहे होतात, विस्तव लागतच नाही. दुसरी चूक म्हणजे शून्य अंशाची स्लीपिंग बॅग. हिमाचलच्या ट्रेकसाठी घेतलेली. पहिल्याच रात्री तिच्यात अर्धा तास पडलो आणि घामाने भिजून बाहेर आलो. सुती चादर आणि पहाटेसाठी पातळ शाल पुरते. उरलेल्या वजनात जीन्स आणि एक जाडजूड पुस्तक होतं. त्याबद्दल बोलायला नको.

तंबू मात्र दोन थरांचाच घ्या, आणि खुंट्यांशिवाय आपला आपण उभा राहणारा. आंबोळगडजवळ सड्यावर मी अॅल्युमिनियमची खुंटी ठोकायला गेलो. तिसऱ्या घावाला ती जांभ्यात शिरण्याऐवजी इंग्रजी एलसारखी वाकली. पुळणीवर उलटं, खुंटी लोण्यात सुरी गेल्यासारखी जाते आणि तशीच निघते. तिथे प्लास्टिकच्या पिशव्यांत वाळू भरून त्या पुरायच्या आणि दोऱ्या त्यांना बांधायच्या. दव इतकं पडतं की सकाळी बाहेरचा थर पिळून काढावा. तो तसाच गुंडाळायचा आणि दहाच्या सुमारास कुठल्याही गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, पसरायचा. चहा होईपर्यंत वाळतो.

जागा निवडताना दोन गोष्टी बघा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, त्यामुळे कालच्या भरतीचा कचरा दिसतो त्याच्याही बऱ्याच वर झोपायचं. आणि माडाखाली कधीच नाही. नारळाचं सोडा, सुकलेला झाप पडला तरी तंबू फाटतो. सुरूचं बन उत्तम. पण खरी मजा विचारून अंगणात राहण्यात आहे. आचऱ्याला एका आजींना तंबूसाठी जागा विचारली तर म्हणाल्या, "तंबू कित्याक व्हयो? पडवी रिकामी आसा." त्या रात्री तंबू उघडलाच नाही.

जे वजन नेलंच पाहिजे ते हत्यारांचं. विजयदुर्गच्या अलीकडे उतारावर मागून खडखड ऐकू आली. कॅरिअरचा खालचा बोल्ट केव्हाच गळून पडला होता आणि सामान चाकाकडे कललं होतं. सुटा बोल्ट नव्हता. मग लक्षात आलं, पाण्याच्या बाटलीचा पिंजरा ज्या बोल्टने बसतो तोही पाच मिलिमीटरचाच. एक काढून इकडे लावला, बाटली उरलेल्या एकावर आणि केबल टायवर गोव्यापर्यंत आली. तुम्ही चार सुटे बोल्ट न्या आणि रोज सकाळी सगळे पिळून बघा. ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक असेल तर पितळी अडॅप्टर खिशात ठेवा, कारण पंक्चरवाल्याचा पाइप मोटरसायकलच्याच व्हॉल्व्हला बसतो. आणि साखळी. किनाऱ्यावर एका रात्रीत ती तांबूस होते. झोपण्याआधी पंच्याच्या तुकड्याने पुसून तेलाचा थेंब देणं हे दात घासण्याइतकंच नेमाने करायला लागतं.

तेरेखोल गोव्यातच येतं, तिथून फेरीबोटीने पलीकडे केरीला उतरायचं. परतीला मडगावहून सायकल रेल्वे पार्सलने टाकली. वेळ हातात ठेवून जा, हँडल वळवायला अॅलन की आणि पेडल काढायला 15 नंबरचा पाना जवळ असू द्या. आमच्याकडे पाना नव्हता, तो स्टेशनबाहेरच्या गॅरेजवाल्याकडून मागून आणेपर्यंत आमची गाडी गेली.