ड्रिलशिवाय दाढ भरली
आज लेकीला दाताच्या डॉक्टरांकडे नेलं. दाढ वरून धड दिसत होती, खाचेत फक्त एक तपकिरी रेघ. त्यांनी पेनासारखं उपकरण टेकवलं. त्यातल्या 655 नॅनोमीटर तरंगलांबीच्या लाल लेसरने किडलेला भाग वेगळा प्रकाश परत देतो, तो मोजून आकडा दिसतो. नुसत्या डागानेही आकडा चढू शकतो, म्हणून त्यांनी एक्स-रेही पाहिला. हे मला फार आवडलं.

मग कीड काढायला अर्बियम लेसर. 2940 नॅनोमीटरची ही किरणं दातातल्या पाण्यात शोषली जातात, त्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि कीड कणाकणाने उडते. ड्रिलची घरघर नाही, थरथर नाही. टिकटिक आवाज आणि पाण्याचा फवारा. कीड वरवरची होती, भुलीचं इंजेक्शनही लागलं नाही. लेकीने माझा हात धरला होता, पण घट्ट नाही.